निंदा आणि मौन : जुन्या साताऱ्यातील दोन पुनर्मूल्यांकनांचा इतिहास

एखादी कलाकृती प्रथम लोकांसमोर येते तेव्हा तिच्या वाट्याला उपहास येतो, आणि पंचवीस-तीस वर्षांनी तीच कलाकृती ‘अभिजात’ म्हणून अभ्यासक्रमात दाखल होते. वाङ्मयाच्या इतिहासात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, तिच्यातले आश्चर्य आता संपले आहे. ‘काळ हाच खरा समीक्षक’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत दरवर्षी भेटते आणि आपणही त्याला गुण देतो. पण काळ स्वतः काही वाचत नाही. वाचणारी माणसे असतात, मासिके असतात, प्रकाशक असतात, अभ्यास मंडळे असतात. एखाद्या पुस्तकाचे पुनर्मूल्यांकन झाले असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणी केले, कोणत्या निकषांवर केले आणि त्या निकषांच्या बाहेर कोण राहिले, हे प्रश्न विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्यामुळे. एम.ए.च्या वर्गात अभिरुचीच्या इतिहासावर चर्चासत्र होते. हा मुलगा वाळवा तालुक्यातला, वाचन चांगले, आणि कानाला सतत पाश्चात्त्य रॉक संगीत लावलेले. त्याने आपल्या निबंधाची सुरुवात अल्बमपासून केली. अमेरिकेतील ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ हा अल्बम १९६७ साली निघाला, तेव्हा ‘बिलबोर्ड’च्या यादीत तो १७१व्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही. २००३ साली ‘रोलिंग स्टोन’ने सर्वकालीन श्रेष्ठ अशा पाचशे अल्बमांची यादी केली, तीत तो तेराव्या क्रमांकावर होता. ज्या थोड्यांनी तो त्या वेळी विकत घेतला त्यांतल्या प्रत्येकाने पुढे स्वतःचा वाद्यवृंद काढला, अशी एक आख्यायिकाही आहे. याच्या उलट उदाहरण ‘लेड झेपलिन’च्या १९६९च्या पहिल्या अल्बमचे. ‘रोलिंग स्टोन’च्या परीक्षणकाराने त्याला झोडपले, श्रोत्यांनी मात्र तो अमेरिकेतल्या पहिल्या दहांत नेला. समीक्षकांना आपले मत बदलायला बराच काळ लागला.

विद्यार्थ्याने या दोन उदाहरणांतून एक साधा भेद मांडला. काही कृती थोड्यांपर्यंत पोचतात, पण ते थोडे लोक पुढे सत्ताधारी होतात, म्हणजे कवी, संपादक, प्राध्यापक होतात. काही कृती असंख्यांपर्यंत पोचतात, पण त्या असंख्यांच्या हाती लेखणी नसते. दोन्ही प्रकारांना आपण ‘सुरुवातीला नाकारलेली कृती’ असेच म्हणतो. नंतर त्याने विचारले, ‘‘सर, आपल्याकडे असे कोण?’’ वर्गातून पहिले उत्तर आले ते अपेक्षितच होते : मर्ढेकर. दुसरे नाव त्याने स्वतःच घेतले : अण्णाभाऊ साठे.

ही दोन नावे एका वाक्यात सहसा येत नाहीत. पण ती एकत्र ठेवायला निदान एक भौगोलिक कारण आहे. बा. सी. मर्ढेकर जन्मले खानदेशात, फैजपूरला, १ डिसेंबर १९०९ रोजी. पण त्यांचे घराणे साताऱ्याजवळच्या मर्ढे गावचे. अण्णाभाऊ जन्मले १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा तो सातारा जिल्हाच होता. १९४९ साली संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. म्हणजे ज्या वर्षांत या दोघांचे महत्त्वाचे लेखन सुरू झाले, त्या वर्षांत मर्ढे आणि वाटेगाव ही एकाच जिल्ह्यातली गावे होती. दोघांचेही कार्यक्षेत्र मात्र मुंबई : एक आकाशवाणीत अधिकारी, दुसरा गिरणीत कामगार.

१.

‘काही कविता’ १९४७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर झालेला गदारोळ समजून घ्यायचा असेल, तर आधी त्या वेळच्या वाचकाचा कान समजून घ्यावा लागतो. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने मराठी वाचकाला कविता ऐकायला शिकवले होते. काव्यगायनाच्या बैठकी होत, कवी स्वतः गाऊन कविता सादर करीत आणि ती सुरांसकट श्रोत्यांच्या घरी जात असे. या मंडळातले दोन प्रमुख कवी साताऱ्याच्याच मातीतले : गिरीश सातारचे, यशवंत चाफळचे. त्यांनी घडवलेली अभिरुची प्रामाणिक होती, लोकाभिमुख होती. कविता गोड असावी, तिचा भाव पहिल्या श्रवणात उमगावा, तिने दुःख सांगितले तरी ते सुसह्य करून सांगावे, अशी तिची अपेक्षा होती. पुढे १९४२ साली कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ने या अपेक्षेला तेज आणि उंची दिली, पण तिचा पाया बदलला नाही.

मर्ढेकरांना ही वाट परकी नव्हती. त्यांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ १९३९ साली आला. त्यात माधव जूलियनांच्या वळणाची छाया स्पष्ट दिसते आणि त्या संग्रहाने कोणाला दुखावले नाही. म्हणून ‘काही कविता’ वाचणाऱ्याला बसलेला धक्का दुहेरी होता. ज्याला गाता येते असा कवी मुद्दाम घोगऱ्या आवाजात बोलू लागला होता. महायुद्धातला संहार, यंत्राच्या तालावर चालणारे शहर, मुंग्यांसारखी माणसांची रांग, पिपात मरून पडलेले उंदीर, ही सामग्री कवितेची नव्हे, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक होते. त्यात भर म्हणजे ओवी-अभंगाच्या ओळखीच्या चालीत इंग्रजी शब्द, यंत्रांची नावे, शरीराचे रोखठोक उल्लेख येत होते. देवघरातल्या समईत कोणी रॉकेल ओतावे, तसे अनेकांना वाटले असणार.

आरोप तीन होते : दुर्बोधता, कुरूपता आणि अश्लीलता. नवकाव्याची टवाळी करण्यात आचार्य अत्रे आघाडीवर होते. ज्या अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहून एके काळी रविकिरण मंडळाच्या कवितेची खिल्ली उडवली होती, त्यांनीच त्या कवितेचा कान मोडणाऱ्या कवीलाही सोडले नाही. तिसरा आरोप वर्तमानपत्रांपुरता राहिला नाही. ‘काही कविता’मधील काही रचना अश्लील आहेत, असे म्हणून मुंबई सरकारने कवीवर खटला भरला. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला सरकारनेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मर्ढेकर निर्दोष सुटले, पण त्या काळात त्यांना सोसाव्या लागलेल्या मनस्तापाची कल्पना आपण करू शकतो. तरी ते थांबले नाहीत. १९५१ साली ‘आणखी काही कविता’ आली. त्या शीर्षकातच एक शांत हट्ट आहे.

आता पुनर्मूल्यांकनाकडे वळू. येथे ‘काळाने न्याय दिला’ असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण न्याय देणारे लोक पहिल्या दिवसापासून हजर होते. बडोद्याहून निघणाऱ्या ‘अभिरुची’सारख्या मासिकाने नव्या कवितेला जागा दिली. ‘सत्यकथा’ आणि मौज प्रकाशनगृह यांच्याभोवती नवसाहित्याचा जो परिवार जमला, त्याने मर्ढेकरांना केंद्रस्थानी ठेवले. कवी २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत वारला, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षीचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षाग्रंथाला मिळाला. हा तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे. संस्थेने पहिला मान कवितेला दिला नाही, सिद्धान्ताला दिला. कवितेचे काम दुसरीकडे चालू होते : १९५९ साली ‘मर्ढेकरांची कविता’ हा एकत्रित संग्रह निघाला, १९६७ साली दिलीप चित्रे यांनी १९४५ ते १९६५ या काळातील मराठी कवितेचे इंग्रजी संकलन केले, त्यात आधुनिक मराठी कवितेचा आरंभ मर्ढेकरांपासून धरला. दिलीप चित्रे हे ‘अभिरुची’ चालवणाऱ्या चित्रे दांपत्याचे चिरंजीव, हे लक्षात घेतले म्हणजे हा वारसा कसा चालत आला ते कळते. पुढे विजया राजाध्यक्ष यांनी मर्ढेकरांच्या कवितेचा दोन खंडांत अभ्यास केला आणि १९९३ साली त्या अभ्यासाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खटल्यापासून पुरस्कारापर्यंत चार दशकांहून अधिक काळ गेला, पण या काळात मर्ढेकरांविषयी कोणी बोलले नाही असे एकही वर्ष सापडणार नाही.

येथे निंदेचे एक ऋण मान्य केले पाहिजे. ज्यांनी ‘दुर्बोध’ म्हटले त्यांनी कविता समोर ठेवून म्हटले. त्यांनी ओळी उद्धृत केल्या, शब्दांवर आक्षेप घेतले, प्रतिमांची चेष्टा केली. त्यामुळे बचाव करणाऱ्यालाही ओळीओळीने बचाव करावा लागला. उंदरांच्या त्या एका कवितेवर मराठीत जितके भाष्य झाले, तितके फार थोड्या कवितांच्या वाट्याला आले असेल. मर्ढेकरांच्या काव्याची समीक्षा इतकी सूक्ष्म झाली याचे श्रेय त्यांच्या चाहत्यांइतकेच त्यांच्या निंदकांनाही जाते.

२.

अण्णाभाऊंची कथा येथून वेगळी होते. तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचे मूळ नाव. मांग समाजात जन्म, शाळा जेमतेम दीड दिवसाची, वडिलांबरोबर वाटेगावाहून पायी मुंबई, मग गिरणी, माटुंग्याचा लेबर कॅम्प आणि कम्युनिस्ट पक्ष. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडे, लावण्या आणि तमाशाच्या बाजातली लोकनाट्ये त्यांनी लिहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबईच्या विरहाचे त्यांचे गीत गावोगाव पोचले. रविकिरण मंडळाने कविता बैठकीत ऐकवली. अण्णाभाऊंनी ती मैदानात ऐकवली.

मर्ढेकरांवर खटला भरणाऱ्या मुंबई सरकारनेच, स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत, लाल बावटा कलापथकाच्या तमाशांवर बंदी घातली. एकाला अश्लील ठरवले, दुसऱ्याला राजद्रोही. अण्णाभाऊंनी तमाशातली गण-गवळण बाजूला सारून त्याच बाजाचे लोकनाट्य केले आणि पुढे चालू लागले. सरकारने दोघांनाही गंभीरपणे घेतले होते, एवढे म्हणायला हरकत नाही. प्रश्न आहे तो समीक्षेचा.

‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. ‘मर्ढेकरांची कविता’ याच वर्षीची. याच वर्षी सांगलीला लागून असलेल्या मिरजेत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, श्री. के. क्षीरसागर यांच्या अध्यक्षतेखाली. वाटेगाव तेथून दूर नाही. ‘फकिरा’ अगदीच दुर्लक्षित राहिली असे म्हणता येणार नाही. मूळचे सांगलीचेच असलेल्या वि. स. खांडेकरांनी तिचे मोकळ्या मनाने स्वागत केले, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. त्याच १९६१ साली अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. सुमारे पस्तीस कादंबऱ्या, शिवाय अनेक कथासंग्रह त्यांनी लिहिले. वाचक होते, प्रेक्षक होते, श्रोते तर अगणित होते. नव्हता तो फक्त समीक्षक. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात ते अत्यंत हलाखीत वारले.

आमच्या विद्यार्थ्याने एक छोटासा उद्योग केला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जी जुनी नियतकालिके आणि समीक्षाग्रंथ बांधून ठेवले आहेत, त्यांत त्याने दोन नोंदवह्या घेऊन शोध घेतला. एक वही ‘काही कविता’वर १९७०पर्यंत आलेल्या प्रतिक्रियांची, दुसरी ‘फकिरा’वरच्या प्रतिक्रियांची. महिन्याभराने पहिली वही भरली आणि तिला पुरवणी जोडावी लागली. दुसऱ्या वहीत काही पाने लिहिलेली होती. त्यांतही बहुतेक उल्लेख लेखकाच्या गरिबीचे, शाहिरीचे आणि राजकारणाचे होते. कादंबरीच्या रचनेविषयी, भाषेविषयी, निवेदनाविषयी फार थोडे. एका ग्रंथालयावरून सिद्धान्त बांधू नये हे मी त्याला सांगितले. त्याने मान डोलावली आणि विचारले, ‘‘पण सर, अण्णाभाऊंना वाईटसुद्धा कुणी म्हटलं नाही का?’’

हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. निंदा ही एक नोंद असते. ती मागे घेता येते, खोडता येते, तिला उत्तर देता येते. ‘रोलिंग स्टोन’च्या परीक्षणकाराने लिहिलेला प्रतिकूल मजकूर आजही वाचायला मिळतो, म्हणून तर त्या अल्बमचे पुनर्मूल्यांकन झाले असे आपण म्हणू शकतो. मौनाची नोंद नसते. जे लिहिले गेले नाही, ते मागे कसे घेणार? म्हणून पुनर्मूल्यांकनाच्या आपल्या इतिहासांत निंदित कृती सन्मानाने येतात आणि ज्यांच्याविषयी कोणी बोललेच नाही त्या कृती यादीतसुद्धा येत नाहीत.

३.

हे मौन कशातून आले? जात आणि वर्ग ही कारणे उघड आहेत आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने आणखी एका कारणाचा विचार केला पाहिजे, आणि ते कारण आपल्याला पुन्हा मर्ढेकरांकडे आणते.

‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांतून मर्ढेकरांनी मराठीला एक नवा निकष दिला. कलाकृतीचे मोल तिच्या उपदेशावर, उपयुक्ततेवर किंवा विषयाच्या थोरवीवर ठरत नाही. ते तिच्या घटकांतील परस्परसंबंधांवर, म्हणजे लयीवर ठरते. संवाद, विरोध आणि समतोल ही त्या लयीची तीन तत्त्वे. लेखकाकडून अपेक्षा एवढीच की त्याने आपल्या अनुभवाशी प्रामाणिक राहावे, आत्मनिष्ठ असावे. फडके-खांडेकर वादाने थकलेल्या मराठी समीक्षेला या विचाराने मोकळा श्वास दिला, यात शंका नाही. ‘जीवनासाठी कला’ या घोषणेखाली खपणाऱ्या पुष्कळ भाबड्या लेखनाला त्याने बाहेरचा रस्ता दाखवला.

परंतु निकष तयार करणाऱ्याच्या हातात तो जसा असतो, तसा तो शिष्यांच्या हातात राहत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत ‘प्रचारकी’ हा शब्द समीक्षेच्या दारावरचा पहारेकरी झाला. ज्या लेखकाच्या हातात लाल बावटा दिसतो, त्याची कृती आत घेऊन तपासण्याचीही गरज उरली नाही. शाहीर म्हणून त्याचा गौरव करावा, लोकसाहित्याच्या प्रकरणात चार ओळी द्याव्यात आणि कादंबरीच्या प्रकरणात दुसऱ्या कोणाविषयी बोलावे, अशी सोयीस्कर विभागणी झाली. ज्या कवीला एका साचेबंद अभिरुचीने नाकारले होते, त्याच कवीचा सिद्धान्त दुसरी साचेबंद अभिरुची घडवण्याच्या कामी आला. यात मर्ढेकरांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल; ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली तेव्हा ते हयातही नव्हते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मर्ढेकरांचा निकष ‘फकिरा’ला लावून पाहिला तर काय होते? वर्गात आम्ही तो लावून पाहिला. कादंबरीच्या आरंभी जोगिणीचा प्रसंग आहे. शेजारच्या शिगावची जोगीण वाटेगावात आणून गावाला यात्रेचा मान मिळवून द्यायचा, या ईर्ष्येने राणोजी मांग जिवावर उदार होतो. जोगीण गावात येते, राणोजीचे शिर जाते. ज्या गावात त्याच्या समाजाची जागा वेशीबाहेर, त्या गावाच्या प्रतिष्ठेसाठी तो मरतो. पुढे राणोजीचा मुलगा फकिरा दुष्काळात आपली माणसे भुकेने मरताना पाहतो, सरकारी धान्य आणि खजिना लुटतो. एक संपूर्ण जमात जन्मतः गुन्हेगार ठरवून तिची रोज हजेरी घेणाऱ्या सरकारशी झुंजतो. अखेरीस आप्तांची धरपकड झाल्यावर त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर होतो. बापाने स्वतःला गावासाठी दिले, मुलाने आपल्या माणसांसाठी. पहिल्या आत्मार्पणात अभिमान आहे, दुसऱ्यात जाणीव आहे. संवाद आहे, विरोध आहे, आणि कादंबरीच्या दोन टोकांना तोलून धरणारा समतोलही आहे. याला लय म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

याचा अर्थ ‘फकिरा’ निर्दोष आहे असा नाही. मधल्या भागात निवेदन घाईने धावते, काही खलपात्रे एकाच रंगाने रंगवलेली आहेत, भावनेचा सूर कित्येकदा वरच्या पट्टीत जाऊन तेथेच राहतो. गुजराण होण्यासाठी वेगाने लिहावे लागले याच्या खुणा अण्णाभाऊंच्या इतर अनेक कादंबऱ्यांवर आणखी ठळक आहेत. पण हे दोषही आम्हाला त्या दिवशी वर्गातच प्रथम मोठ्याने मांडावे लागले. आधी कोणी मांडलेले हाताशी नव्हते. निकष निकामी नव्हता. तो वापरलाच गेला नव्हता.

४.

आज चित्र बदलले आहे, असे कोणीही म्हणेल. दलित साहित्याच्या चळवळीने अण्णाभाऊंना आपल्या पूर्वसुरींमध्ये मानाचे स्थान दिले. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनातील त्यांच्या भाषणाचा दाखला आजही दिला जातो. १९९८ साली महाराष्ट्र शासनातर्फे त्यांचे निवडक वाङ्मय अर्जुन डांगळे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. २००२ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. २०२० हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष झाले आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. हे पुनर्मूल्यांकन विद्यापीठांतून सुरू झाले नाही. ते वस्त्यांतून, जयंतीच्या मिरवणुकांतून, कलापथकांतून वर आले आणि विद्यापीठांनी उशिरा त्याची दखल घेतली. मर्ढेकरांचे पुनर्मूल्यांकन नेमके उलट वाटेने झाले : ते मासिकांतून आणि वर्गांतून खाली आले, आणि वर्गाबाहेर फारसे गेले नाही.

दोन्ही वाटांना आपापला धोका आहे. मर्ढेकरांच्या बाबतीत तो आपण रोज पाहतो. यंत्रयुग, वैफल्य, संतपरंपरेशी नाते : मार्गदर्शकातली ही तीन उपशीर्षके पाठ केली की कविता न वाचताही उत्तर लिहिता येते. ज्या कवितेने वाचकाची झोप मोडली होती, तिच्यावर आता विद्यार्थी डुलकी घेतो. १९४७च्या ज्या वाचकाला ती कविता किळसवाणी वाटली, त्याने निदान तिचा वास घेतला होता. आपल्या विद्यार्थ्याला तो वास येत नाही, आणि हे यश कवितेचे नव्हे, आपल्या अध्यापनाचे अपयश आहे.

अण्णाभाऊंच्या बाबतीत धोका वेगळा आहे. मौनाची जागा हाराने घेतली आहे. पुतळ्याला हार घालणारा माणूस पुस्तक उघडतोच असे नाही, आणि ज्याने उघडले त्याला त्यातले काही आवडले नाही असे म्हणण्याचे धैर्य होत नाही. ज्यांच्या हक्काच्या माणसाला इतकी वर्षे दारात उभे ठेवले गेले, त्यांना आता त्याच्या कादंबरीतले दोष ऐकवणे उद्धटपणाचे वाटेल, ही भीती मलाही वाटते. हे लिहितानाही वाटली. पण अण्णाभाऊ लेखक होते, आणि लेखकाशी वाद घालणे हा त्याला वाचल्याचा पुरावा असतो. मर्ढेकरांना तो पुरावा त्यांच्या हयातीतच मिळाला, जरा जास्तच मिळाला. अण्णाभाऊंना तो अजून पुरेसा मिळालेला नाही.

त्या चर्चासत्राच्या शेवटी आम्ही एक छोटा प्रयोग केला. ‘फकिरा’चे १९५९ सालचे प्रतिकूल परीक्षण प्रत्येकाने आज लिहायचे. त्या काळच्या ‘सत्यकथा’च्या चोखंदळ वाचकाने ती वाचली असती आणि त्याला ती आवडली नसती, तर त्याने काय लिहिले असते? नियम एकच : प्रत्येक आक्षेप कादंबरीतल्या जागेवर बोट ठेवून घ्यायचा, लेखकाची जात, गरिबी आणि पक्ष यांचा उल्लेख करायचा नाही. मुलांनी हे काम गांभीर्याने केले. त्यांतली दोन परीक्षणे खरोखर कठोर होती. मग दुसऱ्या आठवड्यात त्याच मुलांनी एकमेकांच्या परीक्षणांना उत्तरे लिहिली, आणि जोगिणीच्या प्रसंगावर जो वाद झाला तो तास संपल्याची घंटा झाल्यावरही व्हरांड्यात चालू राहिला.

वाळव्याच्या त्या विद्यार्थ्याने लहानपणापासून जयंतीच्या मंडपात अण्णाभाऊंचे नाव ऐकले होते. जाताना त्याने आपली दुसरी नोंदवही माझ्या टेबलावर ठेवली. तीत शेवटी वर्गातल्या पंधरा परीक्षणांची आणि तितक्याच उत्तरांची नोंद त्याने तारखेसह केली होती. वही अजून पहिलीइतकी जाड झालेली नाही. पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी ती कपाटात ठेवली आहे.